तिसऱ्या जावयाजवळची रेघ

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की संघमित्रा मॅडमनी स्वतःची बाजू झाकली. विमानाचं इंजिन तपासून कागदावर सही करणं हे माझं काम. ती सही चुकली तर इंजिन वर गेल्यावर बंद पडतं, आणि वर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायची सोय नसते. म्हणून मी कोणाचं सहज ऐकून घेत नाही. वर्कशॉपात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. ते इथं लिहीत नाही.

पण एक माणूस असा होता की त्याच्यावर चढलेला राग अर्ध्या वाटेत विझायचा. उखर्डू नाना.

आमची विमान शिकवणारी शाळा जळगावहून धरणगावकडे जाताना कपाशीच्या शेतांमध्ये आहे. एक धावपट्टी, दोन हँगर, पाच लहान विमानं. नाना पंधरा वर्षांपूर्वी इथं आले ते विमानासाठी नव्हे, जनरेटरसाठी. आधी धरणगावच्या जिनिंगमध्ये आणि मग अमळनेरच्या तेलगिरणीत त्यांनी उभं आयुष्य डिझेल इंजिनं उकलण्यात घालवलेलं. शाळेचा जनरेटर तीन मेकॅनिकांनी हात टेकून सोडला होता. नानांनी त्याचं चाक हातानं दोनदा फिरवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "याले काहीच व्हयेल नही. याना नाकमा चिडीनी खोपा करेल शे." खरंच, हवेच्या नळीतून ओंजळभर वाळकं गवत आणि दोन पिसं निघाली. त्याच दिवशी वर्कशॉपच्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं.

शिक्षण सातवी. परवाना नाही, त्यामुळे विमानावरचं काम माझ्यासारख्या कोणाच्या तरी नजरेखाली करायचं. डोक्यावर टोपी, खिशात फडकं, आणि पायांत हँगरमध्ये सक्तीचे म्हणून घातलेले, लेस कधीच न बांधलेले बूट. त्या लेसवरून मी त्यांना किती वेळा बोलले असेन, गणती नाही. ते दर वेळी वाकून लेस बांधायचे आणि मी वळले की पुन्हा सोडायचे.

पंधरा वर्षांत एकदाही ते विमानात बसले नाहीत. शिकणारी पोरंपोरी मागं लागायची, नाना चला ना, एक चक्कर मारून आणतो. नाना हात जोडायचे. "इंजिनवर मना भरोसा शे. तुमनावर नही."

आता मुख्य गोष्ट. या इंजिनांचं वय वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. ठरलेले तास भरले की ते कितीही गोड चालत असलं तरी विमानातून उतरवायचं, पार शेवटच्या पिनेपर्यंत उकलायचं, प्रत्येक भाग धुवायचा, मोजायचा, तडा आहे का बघायचा, बाद तो बदलायचा आणि पुन्हा जोडायचं. आजवर आम्ही हे काम बाहेर पाठवायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदा आमच्याच वर्कशॉपात करायची परवानगी मिळाली. आणि नाना ३१ डिसेंबरला निवृत्त होणार होते.

ज्या दिवशी परवानगीचं पत्र आलं त्या दिवशी नाना माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बुटांच्या लेस बांधलेल्या. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी मोठं मागणं आहे.

"ताई, हाई इंजिन मी उकलसू," ते म्हणाले. "जन्मभर जमिनीवरलीच इंजिनं कयात. एक उडणारं मना हातखाले उकलाई, जोडाई, सुरू व्हवाले पाहिजे. त्याना आवाज आयकना का मी सुखमा घर जासू."

मी हिशोब केला. सप्टेंबरात उकलणं, ऑक्टोबरात तपासणी, नोव्हेंबरात जोडणी, डिसेंबरच्या मध्यात पहिल्यांदा सुरू. बसत होतं, जेमतेम. मी म्हणाले, "नाना, पण पुस्तकाप्रमाणे. एक नट माझ्या आधी काढलात तर बघा."

"बठ्ठं पुस्तकपरमानेच," नाना म्हणाले.

आणि झालंही तसंच, फक्त जरा उलट्या अंगानं. मी कारखान्याचं इंग्रजी पुस्तक उघडून मराठीत सांगायचे, "आता व्हॉल्व्हच्या झाकणाचे स्क्रू काढून..." वाक्य पुरं होईपर्यंत स्क्रू नानांच्या वाटीत. मी चिडायचे. नाना पान्हा खाली ठेवायचे, हाताची घडी घालायचे आणि शाळेतल्या पोरासारखे ऐकत उभे राहायचे, आणि पुढचं पाऊल मी बरोबर सांगितलं की मान हलवायचे. म्हणजे परीक्षा कोणाची चालली होती, तुम्हीच सांगा.

पहिल्याच दिवशी स्टोअरमधून पुसायला पांढऱ्या सुताचे गुंडे आले. नानांनी ते चिमट्यात धरून, मेलेला उंदीर उचलावा तसे, बाहेर नेऊन टाकले. "रुई! इंजिनमा रुई?" जिनिंगमध्ये बारा वर्षं त्यांनी कापसाच्या तंतूंनी गुदमरलेली इंजिनं साफ केली होती. एक तंतू तेलाच्या बारीक नळीत बसला की काय होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. नानांनी ते नखांनी उकरून काढलं होतं. त्यानंतर आमच्याकडे तंतू न सुटणारी फडकीच आली, आणि ती नाना स्वतः मोजून द्यायचे.

भाग ठेवायला त्यांनी केळीवाल्यांची प्लास्टिकची कॅरेट आणली. ज्या सिलिंडरचा पिस्टन, त्याचीच पिन, त्याच्याच व्हॉल्व्हच्या काड्या, सगळं त्याच कॅरेटमध्ये. चार सिलिंडर, चार कॅरेट. नाना त्या चौघांना सुना म्हणायचे. पहिली गुणाची, दुसरी कामसू, तिसरी सारखी तापते, चौथी तेल पिते. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला.

"नाना, तापणारी काय, पिणारी काय, सुनाच का हो सगळ्या?"

नानांनी फक्त कॅरेटांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर चारही कॅरेटांवर खडूनं लिहिलेलं: जावई १, जावई २, जावई ३, जावई ४. नाना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "इचार कया, ताई. तुमनं बराबर शे. जावईच जास्ती तपतस." हितेंद्र, आमचा तडे तपासणारा तंत्रज्ञ, इतका हसला की त्याला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. मलाही हसू आलं. मी ते फॉर्म भरण्याच्या निमित्तानं खाली मान घालून लपवलं.

तर असं करत सिलिंडर निघाले, पिस्टन निघाले आणि शेवटी इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं घर, ज्याला आम्ही क्रँककेस म्हणतो, ते मधोमध उकललं. शेंग फोडल्यासारखे त्याचे दोन भाग होतात. आतून शाफ्ट उचलताना नानांनी श्वास धरला होता. चकचकीत, एकही ओरखडा नाही. "दखा," ते म्हणाले, "दोन हजार तास पयनं, पन सोतानी इज्जत राखी." लेकीचं कौतुक करतात तसा चेहरा झाला होता. सगळे भाग धुतले, सुकवले, झाकून ठेवले. दसऱ्यानंतर हितेंद्र तपासणी करणार असं ठरलं.

दसऱ्याला मी आणि आई दरवर्षी नागपूरला जातो. मी चार दिवस नव्हते. खंडेनवमीला वर्कशॉपात पूजा असते. ती माझी नाही, पण ज्याची आहे त्याच्या पूजेला नाक मुरडायचं नाही, हे बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. माझा नियम एकच: कंप्रेसरला लावा, पान्ह्यांना लावा, भिंतीला लावा, विमानाच्या भागाला हळद नाही, कुंकू नाही, तांदळाचा दाणा नाही. नानांनी हा नियम इतकी वर्षं पाळला. चौदा खंडेनवम्या त्यांनी विमानांकडे नुसतं बघून नमस्कार केला.

पंधराव्या खंडेनवमीला त्यांच्यासमोर टेबलावर त्यांचं स्वतःचं इंजिन उकललेलं पडलं होतं.

मी परत आले. हितेंद्रनं तपासणी सुरू केली. ही तपासणी कशी असते सांगते. भागावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं. कुठे डोळ्याला न दिसणारा तडा असेल तर ते त्यात शिरतं. मग वरचं सगळं पुसून घ्यायचं आणि पांढरी पावडर फवारायची. तड्यात लपलेला लाल रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. म्हणजे आमच्याकडे लाल दिसणं ही वाईट बातमी.

"मॅडम," हितेंद्रनं हाक मारली, "जरा येता?"

क्रँककेसच्या डाव्या भागावर तीन जागी लाल होतं. दोन गोल फुटलेले ठिपके, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, बोल्टच्या भोकापासून निघालेली, नखाएवढी बारीक रेघ.

ठिपके बघून मी गोंधळले. तडा गोल नसतो. मी बोटानं एक ठिपका पुसला, बोट नाकाशी नेलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाना!"

नाना हँगरच्या दारातून आले. माझं बोट बघून जागीच थांबले.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पण वर्कशॉपच्या पत्र्याला ऐकू गेलं असेल. पंधरा वर्षं काय शिकलात! धुतलेला भाग! एवढी महागाची तपासणी नासवली! तुम्हाला इंजिन दिलं ही माझीच चूक! नाना खाली मान घालून उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती. डोक्याचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आवाज ऐकून रविंद्र साहेब आले. ते वर्कशॉपचे प्रमुख, शांत माणूस. आग लागली तरी आधी चहा मागवतील. त्यांनी सगळं पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"अहो मॅडम, मग चांगलंच झालं की! कुंकू आहे म्हणजे तडा नाही. कुंकवाचा ओघळ भोकाकडे गेला असेल. पुसून घ्या. नोंदीत लिहा, बाहेरचा रंग लागला होता, साफ केला."

"पुन्हा तपासणी करायला लागेल, सर," हितेंद्र म्हणाला, "पण माझं किट संपलंय. मुंबईहून नवीन यायला पंधरा दिवस."

"पंधरा दिवस?" साहेबांनी नानांकडे पाहिलं. "नाना, मग तुमचं इंजिन डिसेंबरात काही सुरू होत नाही. हो म्हणा, तुमचंच कुंकू आहे. आजच्या आज विषय संपवू."

आता खरं सांगते, कारण सुरुवातीलाच कबूल केलंय. मलाही ते कुंकूच हवं होतं. मी एवढी ओरडले होते, आणि ओरडणाऱ्याला आपण बरोबर असावं असं फार वाटतं. शिवाय नानांनी हो म्हटलं असतं तर नोंद नियमात बसवता आली असती. ओढूनताणून, पण बसली असती. चष्म्यातून पाहिलं, भिंगातून पाहिलं; पावडर पुसल्यावर तिथं ओतकामाच्या खरखरीत पृष्ठभागाशिवाय काही दिसत नव्हतं.

"बोला नाना," मी म्हणाले, "चूक तुमची आहे ना?"

"चूक मनी शे," नाना म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "पन ती रेघ मनी नही."

हितेंद्रनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मी दोन जागे कुंकू लाया. जठे सिलिंडर बसतस त्या दोन तोंडले. एक एक बोट. बोल्टना भोकजोडे मी जलममा काही लायेल नही. तठे कचरा बसस. ताई, मी येडा शे, पन इतला नही."

"अहो, ओघळ असेल," साहेब म्हणाले.

"कोरडं कुंकू व्हतं, साहेब. कोरडं ओघळत नही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. हितेंद्र नानांकडे डोळे मोठे करून बघत होता. गप्प बसा ना, असं त्याला म्हणायचं असावं. नानांना कळत नव्हतं असं नाही. पंधरा दिवस गेले तर काय जातं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "किट मांगाडा."

मी किट मागवलं.

ते पंधरा दिवस वाईट गेले. नाना वेळेवर यायचे, जावयांची कॅरेट पुसायचे, जनरेटरचं तेल बघायचे. लेस बांधलेल्या असायच्या, आणि त्याचा मला जास्त त्रास व्हायचा. मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. राग गेला होता, पण त्याची जागा घ्यायला काय आणावं ते सुचत नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. बायको, बेबाबाई. नाना दबक्या आवाजात सांगत होते, "नही व, आजून सुरू नही व्हयेल. व्हई. घाई काय शे." पोरानं शाळेचा निकाल घरी लपवावा तसे ते पाठमोरे होऊन बोलत होते.

मी मनातल्या मनात रोज म्हणायचे, रेघ जाऊ दे. कुंकूच असू दे. मी माफी मागेन, पेढे आणेन, आयुष्यात पुन्हा लेसवरून बोलणार नाही.

किट आलं. या वेळी भाग मी स्वतः धुतला. तीन वेळा. हितेंद्रनं लाल लावलं. ठरलेला वेळ थांबलो. पुसलं. पांढरी पावडर फवारली. आम्ही चौघं टेबलाभोवती उभे. ठिपक्यांच्या दोन्ही जागा पांढऱ्याशुभ्र राहिल्या. साहेब म्हणाले, "झालं, बघा!" आणि तेवढ्यात बोल्टच्या भोकापासून ती आली. आधी एक टिंब. मग दोन. मग सावकाश, अगदी सावकाश, नखाएवढी लाल रेघ.

तडा होता. आणि अशा जागी की पुस्तकात त्याला कुठलीही सूट नाही. हवेत, पूर्ण जोरात असताना तो वाढला असता तर काय झालं असतं याचं गणित माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं, आणि मी ते मध्येच बंद केलं. त्या विमानावर जानेवारीपासून नवी तुकडी शिकणार होती.

"तिसरा जावईच तपेल व्हता," नाना एवढंच म्हणाले.

नवी केस परदेशातून यायला मार्च उजाडणार. रविंद्र साहेबांनी दोन ठिकाणी फोन केले, मार्चचा फेब्रुवारी होईना. नानांचा डिसेंबर तर कॅलेंडरवर जिथल्या तिथं होता. त्यांनी स्वतः लाल पट्टी आणली, क्रँककेसला बांधली, गाठ ओढून पाहिली. बादचं सामान हे असं, घट्ट बांधायचं असतं. मग ते बाहेर गेले आणि नळावर बराच वेळ हात धूत राहिले. हात स्वच्छच होते.

मला माफी मागता येत नाही. हा माझा दोष आहे आणि तो कोणत्याही तपासणीत सापडतो. मी टेबलाशी बसले आणि बादचा फॉर्म काढला. भागाचं नाव. क्रमांक. दोषाचं वर्णन. तपासणारा: हितेंद्र. मंजूर करणारा: माझी सही. खाली कोरी जागा होती. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले, मग लिहिलं आणि नानांना हाक मारली.

नाना फडक्याला हात पुसत आले. अजून काही चुकलं की काय, अशा चेहऱ्यानं. मी फॉर्म त्यांच्यासमोर फिरवला. खिशातून चष्मा निघाला. ते बोटानं एकेक अक्षर लावत वाचायला लागले. हे फॉर्म आम्ही इंग्रजीत भरतो, पण ती एक ओळ मी मराठीत लिहिली होती: दोष दाखवून पुन्हा तपासणी करायला लावणारे, उखर्डू नथ्थू महाजन, मेकॅनिक.

ते शेवटाला पोचले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. चष्मा काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा लावला.

"इतलं मोठं नाव काबर लिखं, ताई?"

"रकाना मोठा होता," मी म्हणाले. खरं म्हणजे त्या फॉर्ममध्ये असा रकाना नसतोच. पट्टी घेऊन तो मीच आखला होता.